उंबऱ्यावरचं लाल अंडं

ब्राशोव, रोमानिया
२३ एप्रिल २०२५

प्रिय आत्या,

इथून पाया पडते. तिथून पाठीवर हात ठेव, पण हळू. तुझा हात किती जड आहे ते माझी पाठ अजून विसरलेली नाही.

तू म्हणशील, फोन असताना ही पोरगी कागद काळे का करतेय? तर बाई, गुंजवण्यात आपल्या घरी रेंज येते ती एकाच जागी, अंबूकाकीच्या ओट्याच्या कोपऱ्यावर. आणि सख्ख्या जावेच्या त्या ओट्यावर पाय ठेवायचा नाही अशी तुझी शपथ आहे, सोळा वर्षांची. बंडूदादाचा फोन लागतो तो वरव्याच्या कंपनीत. 'आई बरी आहे, तुझी आठवण काढते,' एवढंच तो सांगतो आणि ठेवतो. त्यापेक्षा पोस्टमन कोंडिबांना चढ चढू दे. तू चौथी शिकलीस ती काय उगाच?

माझं बेकरीतलं काम बरं चाललंय. इथं आता ईस्टर झाला. त्याआधी सात आठवडे या लोकांचा उपास असतो. मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. आपल्या श्रावणाचा थोरला भाऊच म्हण ना. पण कोंबड्यांना उपास कोण सांगणार? त्या आपल्या घालतच राहतात, आणि साठलेली सगळी अंडी सणाला बाहेर निघतात. आम्ही बेकरीतल्या पोरी नुसत्या पिचून गेलो. कोझोनाक म्हणून एक गोड पाव करतात, पोटात अक्रोडाचं सारण भरून. पीठ किती वेळ मळायचं असं विचारलं तर आमची मुख्य आचारीण म्हणाली, 'घराच्या आढ्याला घाम फुटेपर्यंत.' मला होळीचं पुरण आठवलं आणि तुझा तो पाटा.

या एका गावात तीन तऱ्हेची माणसं राहतात आणि यंदा तिघांचा सण एकाच दिवशी आला. दरवर्षी येत नाही म्हणे. रोमानियन लोक कांद्याच्या सालीत अंडी उकडून लालबुंद करतात. वर कोथिंबिरीसारखं पान चिकटवतात, अंडं पातळ कापडात घट्ट बांधतात, म्हणजे पानाची नक्षी उमटते. हंगेरियन लोकांचं दुसऱ्या दिवशी निराळंच. आमच्या बेकरीतला इश्तवान सोमवारी सकाळी अत्तराची बाटली घेऊन आला, 'फूल सुकू नये म्हणून पाणी घालायला आलोय' अशी कविता म्हणाला, सगळ्या पोरींच्या डोक्यावर अत्तर शिंपडलं आणि हात पुढे करून उभा राहिला. त्याला लाल अंडं द्यायचं असतं! हे तर रंगपंचमीचं चुलतभावंड निघालं. जर्मन लोक झाडाच्या फांद्यांना रंगीत अंडी टांगतात आणि पोरांना सांगतात, ससा अंडी घालून गेला. ससा! तू असतीस तर त्या पोरांना रांगेत बसवून कोंबडीच दाखवली असतीस.

आता माझी फजिती ऐक. माझी घरमालकीण एलेनाबाई सत्तरीची आहे, एकटी असते, जन्मभर शिवणकाम केलेली. रविवारी सकाळी मी खोलीचं दार उघडलं, तर उंबऱ्यावर लाल अंडं! शेजारी हिरवी डहाळी, पावाचा तुकडा. आत्या, मी दोन पावलं मागे उडाले. 'आई गं' असं मराठीत ओरडले. मग जिन्यातला झाडू घेतला, अंडं ढकलत ढकलत नेलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. वळून बघते तर एलेनाबाई ताटभर अंडी घेऊन स्वतःच्या दारात उभ्या.

बाई दोन दिवस बोलल्या नाहीत. शेवटी मी माझ्या मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं, की आमच्या गावी उंबऱ्यावर लाल अंडं म्हणजे कुणीतरी करणी केली, उतारा टाकला.  मग एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या, की कवळी हातात घ्यावी लागली. मग आम्ही अंडी लढवली. एकानं अंडं धरायचं, दुसऱ्यानं आपल्या अंड्याचं टोक त्यावर आपटायचं. ज्याचं फुटत नाही त्याला वर्ष चांगलं जातं. आणि ज्यांनी एकमेकांशी अंडी लढवली ते मेल्यावरही एकमेकांना भेटतात, असं इथं मानतात.

आत्या, तुझ्या उंबऱ्यावर पुन्हा तसं अंडं आलं, तर तू काय करशील गं?

तुझी
शिवानी


गुंजवणे
१२ मे २०२५

चि. शिवानी,

तुझं पत्र पोचलं. कोंडिबा चढ चढून आला तवा त्याला च्या पाजला, तर म्हणतोय, 'रतनबाई, पोरीला म्हणावं जरा बारीक लिवत जा, पाकीट जड लागतंय.' मेला वाचून आला का काय कुणाला ठावं.

हितं सगळं ठीक हाय. कोंबड्या एकोणीस, त्यातल्या दोन खुडूक बसल्यात. राजगडाला जाणारी पोरं शनिवार-रविवारी येत्यात, भाकरी, पिठलं, अंड्याची भुर्जी खात्यात आन् गड चढायच्या आधीच दमत्यात. आमी श्रावणात अंडं खात न्हाई, पर कोंबड्या मुकाट घालत ऱ्हात्यात, त्ये तुझ्या लोकांचं मला पटलं. म्या ती अंडी खुडूक कोंबडीखाली सरकवते, ते लोक रंगवत्यात, एवढाच फरक. पर सशाचं न्हाई पटलं. लेकरास्नी सणाच्या दिशी लबाड बोलावं का?

पोरी, अंडं झाडूनं ढकललंस ते बेस केलंस. कोण कुठली बाई, तिच्या मनात काय व्हतं तुला काय ठावं? हसली म्हणून काय झालं? हसणारी माणसं लई बगितल्यात म्या.

तू लहान व्हतीस, नवाची आसशील. तुझी आई वरव्याला आजारी व्हती म्हणून तुला शाळंसाठी माझ्याकडं ठिवलेली. त्या साली हनुमान जयंती झाली आन् तीन दिसांनी सकाळी म्या सडा टाकाया दार उघडलं. उंबऱ्यावर अंडं. कुकवानं माखलेलं, वर हळदीचं पट्टं, भवताली तांदूळ आन् झेंडूचं फूल.  आन् अंडं कुणाचं? पांढरं फेक, निमुळतं. माझ्या कोंबड्या तांबूस घालत्यात. पांढरं घालणारी आख्ख्या आळीत एकच कोंबडी, धाकटीची, अंबूची, ती ठिपक्यांच्या मानंची. आता बोल!

म्या खराट्यानं अंडं वढ्यापतुर ढकलत नेलं. मंग तिच्या दारात गेले आन् दाही बोटं मोडली. साऱ्या आळीनं ऐकलं. ती मुंडी खाली घालून उभी. एक शबूद न्हाई तोंडात! न्हाई म्हणावं, व्हय म्हणावं, काय तरी म्हणावं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय? आन् त्याच आठवड्यात माझी म्हस गाभडली, आन् त्यातच मेली. त्या दिवसापासनं मधी कुडाचं कुंपण घातलंय, ते आजून हाय.

त्या आधी आमी दोघी भैनीसारख्या व्हतो गं. खालची शेतं धरणात गेली तवा एका भाकरीचं दोन तुकडं करून खाल्लंय आमी. जाऊ दे. त्ये आता काय काढायचं.

नवी बातमी म्हंजी अंबू चाललीया. तिचा स्वरूप धायरीला फ्लॅटमधी ऱ्हातो, त्यो घिऊन जाणार हाय कायमची. गणपतीच्या आत. घराला कुलूप. बरं झालं, सुंठीवाचून खोकला गेला. मला काय त्याचं! सकाळी तिच्या बांगड्या वाजत्यात, मंग ती भांडी घासती, मंग कोंबड्यास्नी 'तीऽ तीऽ' करून बोलावती. ह्ये सगळं आता बंद व्हईल. शांतता मिळंल जरा.

आन् उंबऱ्यावर पुन्हा अंडं आलं तर काय करशील म्हणून इचारलंस. ठेवणाऱ्याचा हात झडावा, आसं म्हणीन, आन् काय?

नीट जेवत जा. त्या गोड पावानं पोट भरत न्हाई.

तुझी आत्या
रतन


ब्राशोव
३० मे २०२५

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी उभ्यानंच वाचलं, मग बसून वाचलं, मग एलेनाबाईंना वाचून दाखवलं. सगळं नाही. सशाच्या जागी त्या खूप हसल्या. 'तुझी आत्या इथं पाहिजे होती,' म्हणाल्या.

बेकरीत एक गोव्याची सोनिया आहे. तिच्या घरी ईस्टरला काजू वाटून साखरेत घोटतात आणि साच्यात घालून अंडी करतात. वर साखरेची फुलं. तिनं आम्हाला करून घातली. चव थेट काजूकतलीची, आकार मात्र अंड्याचा. मी एक तोंडात टाकलं तर आमचा ग्रीक ड्रायव्हर हळहळला, 'अंडं आधी आपटायचं असतं!' त्यांच्यात पावाची वेणी घालतात, आपण तिपेडी घालतो तशी, आणि मध्ये अख्खं लाल अंडं खोचून भाजतात. कोकराच्या काळजाचा, फुप्फुसाचा इथं एक वडा करतात, ड्रोब म्हणतात त्याला, त्याच्याही पोटात उकडलेली अंडी. आपली वजडीच ती, फक्त सुरीनं कापून वाढलेली. तुला आवडेल.

आणि ऐक, इराणी लोक नवरोजच्या ताटात रंगीत अंडी मांडतात. चीनमध्ये बाळ महिन्याचं झालं की लाल अंडी वाटतात, आपण पेढे वाटतो तशी. इथल्या काही घरांत ईस्टरच्या सकाळी पाण्यात लाल अंडं ठेवून त्या पाण्यानं तोंड धुतात, गाल लाल व्हावेत म्हणून. म्हणजे बघ आत्या, एवढ्या जगात लाल अंडं म्हणजे आनंद. ते देणारा माणूस म्हणजे आपला माणूस.

मग आपल्या उंबऱ्यावर आलेलं तेवढं वाईटच असेल, असं कशावरून? आणि अंबूकाकीच कशावरून? पांढरं अंडं तिच्या कोंबडीचं असेल, मान्य. पण कोंबडीनं घातलेलं अंडं कुणीही उचलू शकतं ना? एखाद्याला सणाबिणाचं काहीतरी सुचलं असेल. काहीतरी खेळ असेल. तू रागावू नकोस. मी आपलं विचारते.

काकी जायच्या आधी एकदा तिच्याशी बोल ना, माझ्यासाठी तरी.

तुझी
शिवानी


गुंजवणे
१७ जून २०२५

शिवानी,

तू अंबूची वकिली कवापासनं कराया लागलीस? लाल अंडं शुभ म्हणं. चीनमधी असंल. चीनमधी माणसं काय काय खात्यात त्ये बी सांग मंग. आपल्या आळीत कुकवाचं अंडं कशाला टाकत्यात ह्ये शेंबड्या पोराला बी ठावं हाय. आन् खेळ? माझ्या म्हशीचा जीव गेला आन् तू खेळ म्हणतीस?

म्या बोलणार न्हाई. तिनं बोलावं. सोळा वरसं वाट बगितली म्या, की ही येईल आन् म्हणंल, 'आक्का, म्या न्हाई केलं.' म्या लगीच मानलं असतं गं. लगीच! पर ती काय बोललीच न्हाई. पाण्याला जाताना समूर आली तर पदर वढून बाजूला व्हती, जसं काय मीच तिचं वाईट केलंय.

स्वरूप परवा टेम्पो घिऊन आला व्हता. कपाट गेलं, पलंग गेला, दळायचं जातं बी गेलं. जातं! फ्लॅटमधी काय दळणार ती, आपलं डोस्कं? कोंबड्या आळीतल्या धोंडाबाईला दिऊन टाकल्या. फकस्त ती ठिपक्यांच्या मानंची, म्हंजी तिच्या नातीची नात असंल, ती रोज कुंपणातनं माझ्याकडं येती. हाकलली तरी येती. काल माझ्या डालग्यात पांढरं अंडं घालून गेली. म्या ते कुंपणावरनं तिकडं ठिवलं. अंबूनं उचललं. माझ्याकडं बगितलं, वाटलं आता बोलंल. आन् गेली आत.

भात रुजलाय. पाऊस बरा हाय. बाकी काय लिवायचं न्हाई.

आत्या


ब्राशोव
२ जुलै २०२५
(कुरिअरनं पाठवते आहे)

आत्या,

हे पत्र बसून वाच. कुरिअरवाला गेल्यावर, दार लावून.

ते अंडं मी ठेवलं होतं.

घे, लिहिलं एकदाचं. चार कागद फाडले तेव्हा हे वाक्य आलं. आता सगळं सांगते.

तुला आठवतं का, त्या साली हनुमान जयंतीनंतर एक गोरं जोडपं राजगडाला आलं होतं? आपल्या अंगणात तंबू ठोकला होता. तू त्यांना पिठलं दिलंस आणि त्या बाईच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं, तिखटानं. ती बाई मला खुणांनी आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, उद्या आमचा सण आहे. आमच्यात अंडं रंगवतात आणि ज्याच्यावर आपला जीव आहे त्याच्या दाराशी गुपचूप ठेवतात. सकाळी उठल्यावर त्याला आनंद होतो. दुसऱ्या दिवशी उजाडताच ती दोघं गडावर गेली.

आईला वरव्याला सोडून मी तुझ्याकडे आले होते. तू मला रोज वेणी घालायचीस, ओढून, डोळे वर जातील इतकी. मला तुला काहीतरी द्यायचं होतं, आणि माझ्याकडे काय होतं? मी अंबूकाकीच्या डालग्यातलं अंडं घेतलं. तुझी तांबूस होती ना, त्यावर लाल रंग खुलला नसता. रंग म्हणून देव्हाऱ्यातलं कुंकू घेतलं, हळदीचे पट्टे काढले. ताटाभोवती रांगोळी असते तसे तांदूळ मांडले. फूलही ठेवलं. आणि दाराआड लपून बसले, तुला आनंद झालेला बघायला.

मग तू खराटा घेतलास.

तुझा तो चेहरा बघून मी मोरीत जाऊन हात धुतले. तू अंबूकाकीच्या दारात बोटं मोडत होतीस आणि मी मोरीत हात घासत होते. तेव्हा सांगितलं असतं तर दोन धपाटे बसले असते आणि संध्याकाळी सगळं मिटलं असतं. पण मला वाटलं, तू मला वरव्याला परत पाठवशील. त्यानंतर एक दिवस गेला, एक वर्ष गेलं, दहावी झाली, पुणं झालं. दरवेळी घरी आले की ते कुंपण बघायचे आणि ठरवायचे, जाताना सांगू. जाताना तू डबा द्यायचीस आणि मी डबा घेऊन एसटीत बसायचे.

एलेनाबाईंचं अंडं मी झाडूनं ढकललं आणि मागे वळून त्यांचं तोंड बघितलं ना, तेव्हा मला कळलं दाराआडून कसं दिसतं ते. अंडी लढवली त्या दिवशी मी त्यांना सगळं सांगितलं, तुझ्या आधी. त्या एवढंच म्हणाल्या, 'तिला लिही. ती म्हातारी व्हायच्या आत लिही.'

म्हैस माझ्यामुळे गेली नाही, एवढं तरी मान. बाकी सगळं माझ्यामुळे झालं. तू मला घरात घेऊ नकोस हवं तर. पण अंबूकाकीला जाऊ देऊ नकोस अशी.

शिवानी


गुंजवणे
१७ जुलै २०२५

शिवे,

ह्ये पत्र तुला मिळंल तवर आपलं चार येळा फोनवर बोलणं झालेलं असंल. पर काही गोष्टी चारचौघांत ओट्यावर बसून बोलता येत न्हाईत, म्हणून लिवते.

तुझं पत्र वाचलं आन् म्या दुपारपतुर चूल पेटवली न्हाई. लई राग आला. तुझा आला, त्या गोऱ्या बाईचा आला, तिला पिठलं घातलं त्याचा आला. मंग माझाच आला. नऊ वरसांचं लेकरू मला भ्यालं. एवढी वाईट व्हते का गं म्या? बंडूला इचारलं तर त्यो म्हणतो, 'व्हय, हुतीस की.' तोंड बघा मेल्याचं.

दोन दिस इचार केला. जाऊन बोलायचं म्हणलं तर पाय उचलंना. सोळा वरसांचं त्वांड, कसं उघडायचं? मंग म्हणलं, जितनं बिघडलं तितनंच धरावं.

कांद्याची सालं गोळा केली. पाव्हण्या पोरांच्या भुर्जीची पाटीभर निघाली. तू सांगितल्यावानी कोथिंबिरीचं पान लावलं आन् पहिल्यांदा बंडूच्या पायमोज्यात बांधलं. त्या पायमोज्याचाच रंग उतरला, अंडं निळं-काळं झालं, जसं काय कुणी बडवलंय. ते कुत्र्याला घातलं. मंग जुन्या ओढणीचा तुकडा घेतला. दोन अंडी केली. अगं, काय रंग आला! आन् पान आसं उमटलं, शीर न् शीर दिसतीया. एक माझ्या कोंबडीचं, आन् एक तिच्या त्या ठिपकीचं, माझ्या डालग्यात घातलेलं.

काल सकाळी पाऊस जरा उघडला तवा ठिपकीचं अंडं तिच्या उंबऱ्यावर ठिवलं. कुकू न्हाई, तांदूळ न्हाई. नुसतं अंडं. आन् कुंपणामागं जाऊन उभी ऱ्हायले, तुझ्यासारखी लपून. साठी वलांडलेली बाई म्या, पोरीवानी फटीतनं डोकावत व्हते. म्हणलं, आता ही वरडंल, बोटं मोडंल, आन् माझं मला फिटलं.

अंबूनं दार उघडलं. अंडं बगितलं. वाकून हातात घेतलं, पदरानं पुसलं, उजेडात धरलं. आन् कुंपणाकडं बघून म्हणली, 'आक्का, शिवानी आलीया का?'

शिवे, तिला ठावं व्हतं. पहिल्या दिसापासनं! तुझं हात कुकवानं लाल झालेलं तिनं त्याच सकाळी बगितलं व्हतं, तू मोरीत घासत व्हतीस तवा; तिच्या दारातनं आपली मोरी समूरच दिसती. म्या कुंपण मोडूनच पल्याड गेले आन् तिला गदागदा हलवली. म्हणलं, 'बये, मंग त्वांड का न्हाई उघडलंस?' तर म्हणती, 'आक्का, तुमचा हात मला ठावा. पोरीला मारलं असतं, वरव्याला धाडलं असतं. तिची आय आंथरुणाला खिळलेली. तिथं कोण तिला शाळंत घालणार व्हतं? मला काय, मला तुमी चार दिस बोलला असता, मंग पाचव्या दिशी बोलायला आला असता, आसं वाटलं.'

चार दिस म्हणं! तिला वाटलं चार दिस, आन् म्या सोळा वरसं केली त्याची.

म्या रडले. लिवायला लाज कसली? आळीतल्या बायका गोळा झाल्या. धोंडाबाईला वाटलं कोण गेलं का काय, ती मोठ्यानं सुरूच झाली. तिला गप करता करता आमी दोघी हसाया लागलो.

मंग ओट्यावर बसून अंडी लढवली. तुझ्या येलनाबाईच्या गावची रीत सांगितली तिला, की अंडी लढवणारी मेल्यावर बी भेटत्यात. अंबू म्हणती, 'मेल्यावर बी तुमीच? बरं. पर तिथं म्या थोरली आन् तुमी धाकटी. माझं ऐकायचं.' पहिल्या दोन टकरंत काय बी झालं न्हाई, गावरान अंडं ते. तिसऱ्याला माझं फुटलं. तिचं आख्खं ऱ्हायलं. आता बस म्हणावं डोक्यावर मिऱ्या वाटत. फुटलेलं आमी दोघींनी मीठ लावून निम्मं निम्मं खाल्लं. तिनं आपलं ते फळीवर ठिवलंय, धायरीला नेणार हाय.

व्हय, जाणार हाय ती. स्वरूपनं सगळं ठरवलंय आन् तिचं गुडघं बी गेल्यात, हितला चढ तिला व्हत न्हाई. म्या ऱ्हा म्हणलं न्हाई. कुठल्या तोंडानं म्हणू? सोळा वरसं भांडलो आन् गप्पा माराया महिना उरला. घराची किल्ली मला दिऊन जाणार हाय, ओट्यावर बसून फोन कराया. ठिपकी माझ्याकडंच ऱ्हाईल.

तुला घरात घेऊ नगं म्हणून लिवलंस. येडी का खुळी तू? माझ्या दारात माझ्यावर जीव लावून कुणी काय ठिवलं आसंल तर ते तूच ठिवलंस, आन् म्या ते खराट्यानं वढ्यात घातलं. आता पुढल्या येळी येशील तवा परत ठेव. म्या दार उघडीन आन् तुला पाहिजे तेवढा आनंद करीन. आन् मेच्या पत्रात म्या हात झडावा आसं लिवलंय. ती वळ खोडून टाक. आजच खोड. काळ्या शाईनं.

फोन करशील तवा जरा मोठ्यानं बोलत जा. अंबू शेजारी बसलेली आसती आन् तिला डाव्या कानानं ऐकू येत न्हाई, धा-बारा वरसं झाली म्हणं. माझं घर तिच्या डाव्या अंगाला. एवढी वरसं म्या कुंपणाआडनं तिला बोलत व्हते, त्यातलं निम्मं तिच्या कानावर बी गेलं न्हाई, आन् मला त्येचा पत्ता न्हाई. आता म्या तिच्या उजव्या बाजूला बसते.

तुझी आत्या
रतन